दीड मिनिटाचा गड

ॲनिमेशनच्या धंद्यात नोकरी मागायला गेलेल्या उमेदवाराची गुणपत्रिका शेवटी पाहतात, शोरील आधी. शोरील म्हणजे त्याने स्वतः केलेल्या कामातले निवडक तुकडे जोडून तयार केलेली छोटी फिल्म. तिची लांबी साधारण एक ते दोन मिनिटं. नवशिक्याला दीड मिनिट पुष्कळ झालं. दोन वर्षांचा कोर्स, हप्त्याहप्त्याने भरलेली फी, ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर आणि असंख्य जागरणं, या सगळ्यातून अखेर दीड मिनिट निघतं, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगणं हा शोरील बनवण्यातला पहिला टप्पा आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पंधराएक किलोमीटरवरच्या दौलताबादेत तो फार जड जातो. तिथल्या माणसाला मेहनतीचं माप रोज अंगणातून दिसतं: अख्खा डोंगर चहूबाजूंनी उभा तासलेला. त्या मापाने दीड मिनिट हे काम म्हणून मोजताच येत नाही. "बाकीचं कुठंय?" असं वडील विचारतात. बाकीचं काढून टाकलं, हे उत्तर ऐकून ते गप्प होतात. मामांना तेवढंही समजत नाही. ते "तुझं कार्टून टीव्हीवर कधी लागणार?" या प्रश्नावर दोन वर्षं ठाम असतात.

अशा वेळी गुणाकार कामाला येतो. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात, म्हणजे ९० सेकंदांना २१६०. हाताने काढणारे लोक बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, तरी १०८० चित्रं उरतातच. 'दीड मिनिट' म्हटल्यावर पडलेले चेहरे 'दोन हजार एकशे साठ चित्रं' म्हटल्यावर जरा वर येतात. (हा आकडा स्थळाच्या बैठकीतही चालतो. पगाराचा आकडा विचारेपर्यंत.)

रील कोणत्या कामासाठी आहे, हे सर्वांत आधी ठरवावं लागतं. पात्र हलवणारा वेगळा, पात्र घडवणारा मॉडेलर वेगळा, त्याच्या आत हाडं बसवणारा रिगर वेगळा, प्रकाश पाडणारा वेगळा आणि सगळे थर एकत्र आणणारा कंपोझिटर वेगळा. मॉडेलरने आपली वस्तू चारही बाजूंनी फिरवून दाखवायची आणि मग वरचा रंग काढून आतली वायरफ्रेमची जाळी उघडी करायची, कारण खरी घडण तिथे कळते. कंपोझिटरने आधीचं आणि नंतरचं शेजारी-शेजारी ठेवायचं. ॲनिमेटरने फक्त हालचाल दाखवायची. त्याचं पात्र करड्या रंगाचं, टकलू आणि बिनकपड्यांचं असलं तरी स्टुडिओत कोणी लाजत नाही. घरी आजी लाजते, पण तिच्यासाठी वेगळी रील काढायची गरज नाही.

संभाजीनगरातल्या निराला बाजार किंवा सिडकोतल्या एखाद्या क्लासमधून बाहेर पडणारा विद्यार्थी मात्र सर्टिफिकेटवर छापलेली सगळी विद्या एकाच रीलमध्ये कोंबतो. तिच्यात एक फिरणारी तलवार असते, एक उडती मोटार, एक पेटलेला लोगो, पाण्यात पडणारी बाटली आणि शेवटी ताईच्या लग्नाच्या व्हिडिओचं टायटल. मुलाखतीत "नेमकं काय येतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "सगळं येतं सर." तीन माणसांत दहा जणांचं काम उरकणाऱ्या लहान स्टुडिओत असा सर्वज्ञ खरोखर लागतो आणि तिथे त्याला तलवारीपासून टायटलपर्यंत सगळंच करावं लागतं, तेही एकाच दुपारी. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक खात्याचा प्रमुख आपल्या खात्यापुरतंच पाहतो. त्याला ताईच्या लग्नाचं काय करावं ते सुचत नाही.

आता ॲनिमेटरच्या रीलमध्ये काय असावं? डिस्नेच्या स्टुडिओत आयुष्य घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली 'द इल्युजन ऑफ लाइफ' या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. वस्तू आपटली की दबते आणि सुटली की ताणते. उडी मारण्याआधी माणूस खाली वाकतो. हात थांबला तरी बाही थोडा वेळ हलत राहते. हालचाल सरळ रेषेत न होता कमानीत होते. या बारातली बरीचशी तत्त्वं फिरून वजनापाशी येतात. पडद्यावरची वस्तू मुळात प्रकाशाचा ठिपका, तिला वजन शून्य. तरी ती रबराची, लोखंडाची की फुग्याची, हे पाहणाऱ्याला दिसलं पाहिजे. म्हणून शिक्षणाची सुरुवात उसळत्या चेंडूने होते आणि म्हणूनच विद्यार्थ्याला तो चेंडू कमीपणाचा वाटतो. त्याला ड्रॅगन हवा असतो.

ड्रॅगनची निवड करण्यामागे एक चलाख हिशेब असतो. खऱ्या ड्रॅगनला कोणी पाहिलेलं नसल्यामुळे तो चुकीचा उडाला असं सिद्ध करता येणार नाही, असं विद्यार्थ्याला वाटतं. मांजर चुकीचं चाललं तर शेजारची काकूही सांगते. पण स्टुडिओतला माणूस ड्रॅगनच्या पंखाकडे बघून विचारतो की एवढं धूड उचलायला पंखाने हवा खाली ढकलली कुठे? आणि ड्रॅगन तिथेच कोसळतो. उलट पिक्सारने १९८६ साली 'लक्सो ज्युनियर' नावाची दोनेक मिनिटांची फिल्म केली, तिच्यात टेबलावर ठेवायचे दोन दिवे आहेत, एक मोठा आणि एक लहान. दिव्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. तरी बाप कोण आणि पोर कोण हे पहिल्या काही क्षणांत कळतं आणि पोराने चेंडू फोडल्यावर त्याची मान कशी खाली जाते तेही.

परदेशी पुस्तकांतला दुसरा लाडका स्वाध्याय म्हणजे अर्धं भरलेलं पिठाचं पोतं. ते उभं राहतं, चालतं, रुसतं, उडी मारतं. विद्यार्थी हे अमेरिकन पोतं पडद्यावर पाहून इमानाने उतरवतात आणि ते अमेरिकनच राहतं. वास्तविक पोत्याचं याहून चांगलं विद्यापीठ जाधववाडीच्या बाजार समितीत भल्या सकाळी उघडं असतं आणि तिथे फी नाही. हमाल पोत्याखाली शिरण्याआधी पाय कसे फाकवतो, पोतं पाठीवर येताच मान कुठे जाते, पहिली दोन पावलं आखूड का पडतात आणि पोतं थप्पीवर टाकल्यावर रिकामी पाठ एकदम वर कशी येते, यात बारापैकी निदान आठ तत्त्वं एकदम भेटतात. फक्त हे मोबाइलवर टिपताना वाटेत उभं राहू नये. वजनाचं आणखी एक तत्त्व तिथे समजतं, आणि ते पुस्तकात दिलेलं नाही.

चालण्याचा अभ्यास करायला दौलताबादचा किल्ला उत्तम. पाठ्यपुस्तकात चालण्याच्या चार मुख्य अवस्था दिलेल्या असतात: टाच टेकते, शरीर खाली दबतं, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो, शरीर वर येतं. सर्वसाधारण चालीत एका पावलाला बारा फ्रेम धरतात. किल्ल्यावर हे गणित पायथ्याशीच तेवढं खरं असतं. शाळेची सहल चढताना पाहावी: खालच्या दरवाजात सगळी मुलं पळत असतात आणि सर चालत असतात, खंदकापाशी मुलं चालत असतात आणि सर उभे असतात, वर मुलं पुन्हा पळत असतात आणि सर दिसत नाहीत. नऊवारीतल्या आजी गुडघ्यावर हात ठेवून, प्रत्येक पायरीला काहीतरी ऐकवत चढतात, आणि त्या हाताचा दाब गुडघ्यावर पडतो तेव्हा विरुद्ध बाजूचा खांदा वर जातो. नवविवाहित नवरा पहिल्या वळणापर्यंत छाती काढून चालतो. वळणाआड काय होतं ते बायकोच्या चेहऱ्यावरून समजतं. गाइड उलटा चालत, बोलत, न बघता पायऱ्या चढतो आणि त्याच्या एकाही फ्रेममध्ये दमल्याची खूण सापडत नाही.

माकडांचा वेगळा उल्लेख करायला हवा. हालचालीआधी तिची पूर्वतयारी दिसली पाहिजे, असं तत्त्व सांगतं. माकड हे तत्त्व पाठ करून उलटं वापरतं. पर्यटकाच्या हातातल्या सीताफळावर झडप घालण्याआधी ते बराच वेळ किल्ल्यातल्या चांद मिनाराकडे, अत्यंत सांस्कृतिक नजरेने, बघत बसतं. हा प्रसंग पंधरा सेकंदांत बसतो, त्यात दोन पात्रं आहेत, एक फळ आहे, फसवणूक आहे आणि शेवट आहे. तरी तो क्वचितच कोणाच्या रीलमध्ये दिसतो. दिसतो तो महंमद तुघलक, कारण त्याने १३२७ साली दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली हे दहावीपर्यंत पाठ झालेलं असतं. त्यात दुहेरी सोय आहे. माणसं एकदा चालवली की तोच तुकडा पुन्हा-पुन्हा जोडून हजाराहून जास्त किलोमीटर चालवता येतात आणि परत दिल्लीला न्यायची वेळ आली की चित्र फक्त आरशासारखं उलटं करायचं असतं.

फुकट मिळणाऱ्या पात्रांविषयी बरीच तक्रार ऐकू येते. इंटरनेटवरून तयार हाडं बसवलेली पात्रं उतरवून घेता येतात, आणि ती सगळेच उतरवून घेतात, त्यामुळे पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओत एकाच दुपारी तोच मोठ्या कानांचा मुलगा पाच जणांच्या रीलमध्ये पाच वेळा रडतो. याला इलाज म्हणून काही जण त्याला टोपी घालतात. टोपीने काही साधत नाही. दौलताबादहून पुढे गेल्यावर लागणाऱ्या वेरुळात 'रावण कैलास हलवतो' हा एकच विषय १४, १६, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत कोरलेला आहे. तेच पात्र, तोच डोंगर. सोळाव्या लेण्यातला रावण मात्र डोंगराखाली खोल काळोखात दाटीने बसवलेला आहे. वर पार्वती घाबरून शंकराकडे झुकते, दासी पळत सुटते आणि शंकर पायाने नुसता दाब देतो. एका खडकात ताकद, भीती आणि निवांतपणा अशी तीन वजनं आहेत, आणि खडक मुळीच हललेला नाही. त्या शिल्पींपैकी कोणी 'पात्र सगळ्यांचं सारखंच आहे हो' अशी कुरकुर केल्याची नोंद नाही.

मराठी माणसाने केलेलं पहिलं शोरील १९१२ सालचं आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायला भांडवल हवं होतं आणि भांडवल देणाऱ्याने फाळक्यांचं हलतं चित्र पाहिलेलं नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ एक-एक फ्रेम घेत राहिले. 'अंकुराची वाढ' ही त्यातून निघालेली फिल्म जेमतेम मिनिटभराची: बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो. ती पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले, सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. आजच्या कोणत्याही मार्गदर्शकाने या रीलमध्ये फारशी चूक काढू नये. लांबी मिनिटभर, विषय एक, काम पूर्ण स्वतःचं, संगीताचा गोंगाट नाही, सुरुवातीला पेटलेला लोगो नाही आणि पाहणारा नेमका तोच, ज्याच्याकडे पैसे होते. ड्रॅगन त्यांनाही पेरता आला असता. पुढे १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काडेपेटीतल्या काड्या एकेक सरकवून नाचवल्या, म्हणजे दिवा हलवणाऱ्यांच्या आधी इकडे काडी हललेली होती.

तुकडे कोणत्या क्रमाने लावायचे, इथे दौलताबादच्या विद्यार्थ्याची खरी फसगत होते. त्याच्या नजरेत लहानपणापासून एकच रचना बसलेली असते. देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचाच, किल्ला येणाऱ्याला दमवण्यासाठी बांधलेला आहे. आधी तटामागून तट, मग अणकुचीदार खिळ्यांचे दरवाजे, आडवीतिडवी वळणं, मध्येच लक्ष वेधून घेणारा १४४५ सालचा चांद मिनार, मग खडकात खोदलेला खंदक, त्यावर अरुंद पूल, मग 'अंधेरी' नावाचा काळोखा भुयारी रस्ता, त्यात फसवी वळणं आणि वटवाघळं, मग पायऱ्याच पायऱ्या, आणि एवढ्यातून जो जिवंत निघेल त्याच्यासाठी वर बारादरी आणि गार वारा.

विद्यार्थ्याची पहिली रील हुबेहूब याच आराखड्यावर उभी असते. दरवाजावर त्याचं नाव: काळोखातून धातूची अक्षरं येतात, ठिणग्या उडतात, दहा सेकंद जातात. त्यामागे क्लासचा लोगो. त्यामागे 'आई-बाबांस समर्पित'. मग पहिल्या सत्रातला चेंडू, हा खंदक. मग अंधेरी, म्हणजे प्रकाश जमला नाही म्हणून रात्रीचा ठरवलेला प्रसंग. त्यात कोणीतरी चालत असतं, पण कोण ते फक्त विद्यार्थ्याला माहीत असतं. वटवाघळं इथेही असतात, तयार मिळालेली. मग तलवार सावकाश फिरते, एकदा, दोनदा, तीनदा. आणि दोन मिनिटं पन्नासाव्या सेकंदाला बारादरी येते: एका आजीबाईंचा बारा सेकंदांचा तुकडा, सुईत दोरा ओवतानाचा, खरोखर सुंदर. तो पाहायला कोणी उरलेलं नसतं. शत्रूला वर येऊ न देण्याचं काम किल्ल्याइतकंच रीलनेही चोख बजावलेलं असतं.

तेव्हा आजीबाई पहिल्या सेकंदाला हव्यात. नावाची साधी पाटी दोन-तीन सेकंद, तिच्यावर कोणतं काम येतं ते आणि संपर्क, की लगेच सर्वांत चांगला तुकडा. रीली पाहणाऱ्या माणसापुढे एका बैठकीत कितीतरी रीली असतात, चहा निवत असतो आणि बोट पुढे ढकलायच्या बटणावर असतं. दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा शेवटी ठेवतात, बाकीचे मध्ये, आणि सर्वांत कमकुवत तुकडा काढून टाकतात. हे काढणं भलतं जिवावर येतं, कारण तो तुकडा करायलाच सर्वांत जास्त दिवस लागलेले असतात. "याला खूप मेहनत पडली" हे कारण पडद्यावर दिसत नाही. वाईट तुकडा आत राहिला तर पाहणारा एवढंच समजतो की या मुलाला चांगलं-वाईट वेगळं ओळखता येत नाही, आणि पुढच्या चांगल्या तुकड्याकडेही तो संशयाने पाहायला लागतो.

गटाने केलेल्या कामात आपण काय केलं ते कोपऱ्यात लिहायचं असतं: 'पात्राची हालचाल माझी, पात्र तयार मिळालेलं, पार्श्वभूमी मित्राची.' हे लिहिणं कमीपणाचं वाटतं म्हणून टाळलं जातं आणि मग एकाच यंत्रमानवावर हक्क सांगणारे तीन वर्गमित्र एकाच स्टुडिओच्या बाकावर शेजारी-शेजारी बसलेले सापडतात. स्टुडिओतली माणसं नोकऱ्या बदलत राहतात. इकडची थाप तिकडे पोचायला वेळ लागत नाही.

संगीताचं प्रकरण थोडक्यात आटोपतं: पाहणारा बहुधा आवाज बंद करूनच बघतो. ढोल, शंख आणि युद्धाची गर्जना लावून केलेला कट आवाज बंद झाला की उगाच झटके घेताना दिसतो. अपवाद संवादाच्या तुकड्याचा. तिथे आवाज हवाच. या तुकड्यासाठी विद्यार्थी एखाद्या हॉलिवूडपटातला खलनायक निवडतात. ओठ बरोबर हलतात, पण डोळ्यांना वाक्याचा अर्थ कळलेला नसतो. त्याऐवजी बसस्टँडवरच्या दोन मावशींचं भांडण लिहून, घरच्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलं तर भुवई कुठे उडते आणि पदर कधी खोचला जातो, हे कोणाला विचारावं लागत नाही.

रेंडरिंगला, म्हणजे कॉम्प्युटरने अंतिम चित्रं तयार करायला, लागणारा वेळ आधी मोजून ठेवावा. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली तर २१६० फ्रेमना १०,८०० मिनिटं, म्हणजे १८० तास, म्हणजे साडेसात दिवस, तेही लाइट एकदाही गेली नाही तर. साडेसात दिवस लाइट न जाण्यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांनी तसं जरूर करावं. इतरांनी सगळी रील एकाच फाइलमध्ये न काढता फ्रेम सुट्या-सुट्या साठवाव्यात, म्हणजे लाइट आल्यावर अर्धवट राहिलेल्या चित्रापासून पुन्हा सुरू करता येतं. ॲनिमेटरला तर एवढंही नको. त्याचा प्लेब्लास्ट, म्हणजे रेंडर न करता काढलेली करडी, बिनसजावटीची झलक, चालतो. महागडं सॉफ्टवेअर नसल्याची सबबही आता राहिलेली नाही. फुकट मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये केलेल्या 'फ्लो' या लाटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यात एक मांजर आहे. ते बोलत नाही.

राहता राहिलं पाठवणं. रीलची जड फाइल ईमेलला जोडत नाहीत, लिंक पाठवतात. फाइलला 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'हीच फायनल' अशी नावं देण्याची परंपरा जुनी आहे. पाठवताना मात्र स्वतःचं नाव, काम आणि वर्ष एवढंच ठेवावं. आत काय आहे हे उघडून बघणं सर्वांत महत्त्वाचं. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा रामदेवरायाने किल्ल्यात भरून घेतलेली पोती ऐनवेळी उघडली आणि धान्याऐवजी त्यांत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. त्या वेळी पोती उघडून बघायला माणसं होती, वेळ नव्हता. रील पाठवणाऱ्याकडे वेळ असतो. लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर, दुसऱ्याच्या नेटवर, लॉगिन न करता उघडून पाहावी. 'परवानगी मागा' अशी पाटी येते का, आवाज आणि ओठ जुळतात का, शेवटच्या पाटीवरचा फोन नंबर दहा आकडी आहे का आणि त्यात रिचार्ज आहे का, ते बघावं. उत्तर काही आठवड्यांनी येतं, किंवा येत नाही. मधल्या काळात नवा तुकडा तयार करून रीलमधला सर्वांत जुना काढायचा असतो. तो बहुधा तलवारीचा असतो.